जोहान्सबर्ग आणि सोवेटो एका दिवसात: सारखे विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात आणि दर वेळी तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. टूर एका दिवसाची. सकाळी जोहान्सबर्ग शहर, दुपारच्या जेवणापासून पुढे सोवेटो. सोबत मी असतो मराठीत बडबड करायला आणि एक लोकल गाईड असतो जो सोवेटोतच जन्मला, वाढला आणि अजून तिथेच राहतो. खरा गाईड तो, मी आपला मधला माणूस.

जोहान्सबर्गमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय? आमचे ट्रॅव्हलवाले म्हणतात एअरपोर्टवरून सरळ क्रुगर नॅशनल पार्क गाठा.

हो, सगळेच तसं म्हणतात. समुद्र नाही, मोठी नदी नाही, केपटाऊनसारखा फोटोजेनिक डोंगर नाही, मग थांबायचं कशाला. पण हे शहर इथे का वसलं तेच बघण्यासारखं आहे हो. १८८६ मध्ये या माळावर सोनं सापडलं आणि दहा वर्षांत लाखाची वस्ती झाली. सोनं खोल खडकात, काढायला प्रचंड मजूर लागायचे आणि ते स्वस्तातले हवे होते. मजूर हवा पण शेजारी नको, या एका हट्टातून पुढचं सगळं आलं, काळ्यांना शहरात वावरायला लागणारे पास आले, मजुरांची हॉस्टेलं आली, टाउनशिप म्हणजे शहराबाहेरच्या काळ्यांच्या वस्त्या आल्या. हायवेवरून जाताना पिवळट मातीचे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात ना, ते डोंगर नाहीतच, सोनं काढून उरलेला दगडाचा भुगा आहे तो. सोवेटो त्या ढिगाऱ्यांच्या पलीकडे. वारा सुटला की ती धूळ कुणाच्या घरात जाते ते सांगायला नको.

म्हणून शहर आणि सोवेटो आम्ही वेगवेगळे विकत नाही. नुसतं सोवेटो बघितलं तर ते तिथे का आहे कळत नाही, आणि नुसतं सँडटन हे श्रीमंत उपनगर बघितलं तर आपण दुबईच्या मॉलमध्ये आहोत असंच वाटतं.

सोवेटो म्हणजे धारावीसारखी झोपडपट्टी का?

नाही. हा प्रश्न दहातले नऊ जण विचारतात. लोक येऊन जागा मिळेल तिथे राहिले आणि वस्ती वाढली, असं सोवेटोचं झालेलं नाही. सरकारने नकाशा काढून, कायदा करून, लोकांना ट्रकमध्ये घालून वसवलेलं हे शहर आहे. नावसुद्धा साउथ वेस्टर्न टाउनशिप्स याचं आखूड रूप, ते १९६३ मध्ये ठरलं. म्हणजे नैऋत्येकडच्या वस्त्या, बस्स, एवढाच विचार केला होता नाव ठेवताना.

रांगेने एकसारखी चार खोल्यांची घरं दिसतील, त्यांना इथे मॅचबॉक्स म्हणतात. त्यातल्या कितीतरी घरांना आता मजला चढलाय, टाइल्स, गेट, मागच्या अंगणात भाड्याच्या खोल्या. डीपक्लूफ एक्स्टेन्शन हा भाग इतका पैशेवाल्यांचा आहे की लोक त्याला गमतीने डीपक्लूफ एक्स्पेन्सिव्ह म्हणतात. आणि हो, क्लिपटाऊनमध्ये पत्र्याच्या झोपड्याही आहेत, सार्वजनिक नळ आहेत, ते लपवत नाही आम्ही. २०११ च्या जनगणनेत सोवेटोची लोकसंख्या साधारण पावणेतेरा लाख होती. एवढ्या मोठ्या ठिकाणाला एका शब्दात बसवायचं कसं.

कुणाची गरिबी बघायला बस भरून जायचं, हे मनाला पटत नाही.

पटू नये असंच आहे. काचा बंद करून, एसी लावून, झोपड्यांसमोर स्लो करून फोटो काढणाऱ्या बसेस मीही बघितल्यात आणि लाज वाटते. आमचे नियम साधे आहेत. गाडीतून उतरायचं, चालायचं, समोरच्याला आधी नमस्कार करायचा (झुलूमध्ये "सावुबोना", तेवढं पाठ करून या, तुम्ही ते बोललात की समोरच्याचा चेहरा खुलतो), जेवण तिथेच, खरेदी तिथेच, गाईड तिथलाच. कुणाच्या घरात घुसून खोली बघायची नाही. अनाथाश्रमाची भेट वगैरे आमच्या टूरमध्ये नाही, मागितली तरी नाही. मुलांना चॉकलेटं वाटू नका प्लीज. आपल्या सोसायटीच्या गेटवर कुणी परका माणूस मुलांना चॉकलेटं वाटत फिरला तर आपण काय करू, तेवढा विचार करा.

दिवसभरात नक्की काय काय होतं?

साधारण असं, पण ट्रॅफिक आणि तुमचे प्रश्न यावर पुढे-मागे होतं. सकाळी कॉन्स्टिट्यूशन हिल. मग गाडीतून डाउनटाऊन, गांधी स्क्वेअरला उतरून दहा मिनिटं, न्यूटाऊन, हमीदिया मशीद. मग फुटबॉलच्या भोपळ्यासमोरून, म्हणजे एफएनबी स्टेडियम, जिथे २०१० च्या वर्ल्ड कपची फायनल झाली, ते कॅलबॅशच्या म्हणजे भोपळ्याच्या भांड्याच्या आकाराचंच बांधलंय, तर त्याच्यासमोरून सोवेटोत. जेवण. विलाकाझी स्ट्रीट, हेक्टर पीटरसन मेमोरियल, रेजिना मुंडी चर्च, वेळ उरला तर क्लिपटाऊन. परत येताना ऑर्लँडोचे रंगवलेले टॉवर.

कॉन्स्टिट्यूशन हिलला इतका वेळ का? ते जेलच आहे ना फक्त?

जेल आणि देशातलं सर्वांत वरचं कोर्ट एकाच आवारात आहेत, म्हणून. देशाचं कॉन्स्टिट्यूशनल कोर्ट मुद्दाम जुन्या तुरुंगाच्या जागी बांधलं, २००४ मध्ये उघडलं, आणि कच्च्या कैद्यांची जी बिल्डिंग पाडली तिच्याच विटा कोर्टाच्या भिंतीत वापरल्या. कोर्टाच्या लाकडी दारावर घटनेतले २७ हक्क अकरा भाषांमध्ये कोरलेत. आधी आम्ही नंबर फोर दाखवतो, काळ्या पुरुष कैद्यांचा विभाग. तिथे कैद्यांच्या जेवणाचा तक्ता लावलाय तो नीट वाचा, घाई करू नका. वर्णाप्रमाणे मेनू वेगळा. एशियाटिक म्हणजे आपल्यासारख्यांना आणि मिश्रवर्णीयांना पाव, काळ्या कैद्यांना पाव नाही, मक्याची लापशी. तुरुंगात सुद्धा, भुकेच्या बाबतीत सुद्धा, एक पायरी वर एक पायरी खाली. त्या तक्त्यासमोर आपले लोक गप्प होतात, कारण पायऱ्यांचा हिशोब आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

शेजारी ओल्ड फोर्ट, तिथे मंडेलांना ठेवलं होतं. विमेन्स जेलमध्ये मंडेलांच्या तेव्हाच्या पत्नी विनी मंडेला आणि वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या अल्बर्टिना सिसुलू. तेही बघायचं, लोक ते स्किप करतात.

गांधीजींचं काय काय बघायला मिळतं?

भरपूर. गांधींचा पहिला तुरुंगवास इथलाच, जानेवारी १९०८, कॉन्स्टिट्यूशन हिलवर त्यांचं प्रदर्शनही आहे. गांधी स्क्वेअरला वकिलाच्या गाऊनमधला तरुण गांधींचा पुतळा आहे, २००३ मध्ये बसवलेला, म्हातारपणीचे पुतळे बघून डोळ्यांना इतकी सवय झालेली असते की बरेच जण ओळखतच नाहीत. ११ सप्टेंबर १९०६ ला ज्या एम्पायर थिएटरमध्ये सभा होऊन आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा कायदा न पाळण्याची शपथ घेतली ते थिएटर आता नाही. हमीदिया मशीद आहे. १६ ऑगस्ट १९०८ ला तिच्यासमोर मोठ्या कढईत रॉकेल ओतून दोन हजारांवर नोंदणी परवाने जाळले होते, त्याची आठवण म्हणून तिथे कढईचं स्मारक आहे.

पण मला विचाराल तर गांधी आणि सोवेटो यांची गाठ बांधणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. आजच्या न्यूटाऊनच्या भागात तेव्हा भारतीयांची वस्ती होती, सरकारी कागदात तिचं नाव कुली लोकेशन. १९०४ च्या मार्चमध्ये तिथे प्लेग आला. गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून त्यात रोगी ठेवले, शुश्रूषा केली. पालिकेने मग वस्ती रिकामी करून जाळून टाकली आणि तिथल्या भारतीय आणि काळ्या लोकांना शहराबाहेर क्लिपस्प्रुटला हलवलं, जिथे शहराच्या सांडपाण्याचं शेत होतं. भारतीय यथावकाश परत आले. काळ्या लोकांना मात्र तिथेच ठेवलं. सोवेटोची सुरुवात तिथून. म्हणजे प्लेगचं निमित्त, रोग गेला आणि वस्ती कायमची बाहेर राहिली.

गाईड गांधींबद्दल वाईट बोलतात असं ऐकलंय, खरं का?

काही जण बोलतात, आणि बोलू द्या. इथल्या सुरुवातीच्या वर्षांत गांधींनी काळ्या लोकांबद्दल जे लिहिलं, आम्हा भारतीयांना त्यांच्या रांगेत बसवू नका वगैरे, ते छापलेलं आहे, कुणी मनचं सांगत नाही. पुतळा बसवला तेव्हाही इथे त्यावरून वाद झाला होता. पुढे माणूस बदलला हेही खरं. मंडेला गांधींना मानायचे हेही खरं. एकदा एका पाहुण्यांनी गाईडशी याच्यावरून गाडीतच भांडण काढलं होतं, तसं करू नका, ऐका, प्रश्न विचारा, वाद जेवताना घाला.

आपल्या मराठी माणसांचा इथे काही संबंध आहे का?

आहे ना, आणि भारी आहे. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. जोहान्सबर्गच्या पार्क स्टेशनवर त्यांच्यासाठी कमान उभारली होती. इथल्या भारतीयांत काही कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रातले हिंदू होते, त्यांना गोखल्यांचं मराठी ऐकायचं होतं. गांधी म्हणाले तुम्ही मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. गोखल्यांना हसू आवरेना, तुमचं हिंदुस्थानी किती आहे ते कळलं आता मराठी कुठे शिकलात, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. पण बोलले मराठीतच, आणि मग झांझिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत तोच शिरस्ता ठेवला. टॉल्स्टॉय फार्मलाही गेले, स्टेशनवरून पायी, पावसात भिजले आणि आजारी पडले बिचारे. ते फार्म लेनेशियाच्या पुढे आहे, या टूरमध्ये बसत नाही, वेगळं विचारा.

१६ जून म्हणजे काय? सोवेटोत सगळीकडे तीच तारीख दिसते.

१६ जून १९७६. सरकारने काढलेला हुकूम असा की काळ्या मुलांच्या शाळेत निम्मे विषय, त्यात गणितही, आफ्रिकान्समधून शिकवायचे. मुलांना ती भाषा धड येत नव्हती, बऱ्याच शिक्षकांनाही येत नव्हती, आणि राज्यकर्त्यांची म्हणून तिच्यावर राग होता तो वेगळाच. हजारो विद्यार्थी गणवेशात मोर्चाने ऑर्लँडो स्टेडियमकडे निघाले. ऑर्लँडो वेस्टला पोलिसांनी अडवलं आणि गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन जेमतेम बारा वर्षांचा. सॅम न्झिमा या फोटोग्राफरने काढलेला फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल, एका मोठ्या मुलाच्या हातांवर हेक्टर आणि बाजूला धावणारी त्याची बहीण. उचलून नेणारा मुलगा म्बुयिसा माखुबो, त्याला पोलिसांच्या भीतीने देश सोडावा लागला आणि पुढे नायजेरियातून आलेल्या पत्रानंतर त्याचा पत्ताच लागला नाही. सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा १७६, खरा त्याहून बराच मोठा असं सगळे मानतात.

त्या दिवशी पळणारी मुलं रेजिना मुंडी चर्चमध्ये शिरली. पोलीस मागोमाग आत. छतात गोळ्यांची भोकं अजून ठेवलीत, आणि संगमरवरी वेदीचा एक कोपरा तुटलेला आहे, बंदुकीच्या दस्त्याने. दुरुस्त केलेला नाही, मुद्दाम. तिथे हात लावून बघू देतात, पण आधी विचारा. राजकीय सभांना बंदी होती तेव्हा लोक अंत्यसंस्काराच्या आणि प्रार्थनेच्या नावाखाली इथेच जमायचे, त्यामुळे या चर्चला लोक देवाइतकंच राजकारणासाठी ओळखतात.

मंडेलांच्या घरात किती वेळ लागतो?

अर्धा तास पुरतो, घर छोटंसं आहे. ८११५, विलाकाझी स्ट्रीट. १९४६ मध्ये राहायला आले, १९९० ला सुटल्यावर अकरा दिवस राहिले आणि मग गर्दीमुळे जमेना. भिंतींवर गोळ्यांच्या आणि पेट्रोल बॉम्बच्या खुणा आहेत. त्याच रस्त्यावर जवळच आर्चबिशप डेस्मंड टूटूंचं घर, ते बाहेरूनच बघायचं. एकाच रस्त्यावर दोन नोबेलवाले, हे वाक्य तुम्हाला दिवसभरात प्रत्येक जण ऐकवणार, तयारी ठेवा. रस्ता आता बराचसा टुरिस्टी झालाय, नाचणारे, मणीवाले, महागडी कॉफी. मला स्वतःला दोन गल्ल्या सोडून आतलं सोवेटो जास्त आवडतं आणि गाईड तुम्हाला तिथून चालवतो.

अपार्थाइड (म्हणजे वर्णभेद) म्युझियम तुमच्या टूरमध्ये का नाही? बाकी सगळ्यांकडे आहे.

कारण त्याला निदान अडीच तास लागतात आणि बाकीचे एका तासात गुंडाळतात. तिथे तिकिटावरच तुम्ही गोरे की गोरेतर हे छापलेलं येतं, कसंही वाटलेलं, आणि त्याप्रमाणे दार वेगळं. नवरा एका दारातून आणि बायको दुसऱ्या. उत्तम म्युझियम आहे, पण वाचण्याचं काम खूप. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत जा. अकरा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका असं ते स्वतःच सांगतात.

सेफ आहे का? खरं सांगा.

खरं सांगतो. दिवसा, गाईडसोबत, आम्ही जातो त्या भागात आजवर काही त्रास झालेला नाही. विलाकाझी स्ट्रीटला दिवसा भरपूर वर्दळ असते. डाउनटाऊन आणि हिलब्रोमध्ये मात्र एकट्याने पायी भटकायचं नाही. सिग्नलला गाडी थांबली की मोबाइल मांडीवर, खिडकीशी नको, काच फोडून पळवतात. मंगळसूत्र, पाटल्या हॉटेलच्या लॉकरमध्ये, ओरिजिनल पासपोर्टही तिथेच, सोबत झेरॉक्स. एटीएमजवळ कुणी "मदत" करायला आला तर नको म्हणायचं. बस, एवढं पाळलं की झालं. घाबरून हॉटेलात बसणाऱ्यांनी मग सँडटनच्या मॉलचेच फोटो दाखवावेत.

आम्ही शुद्ध शाकाहारी, जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही. पाप म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, आपल्या उकडीच्या जवळचं काहीतरी, नाव पाप असलं तरी पूर्ण व्हेज. सोबत चकालाका, म्हणजे कांदा, टोमॅटो, गाजर, सिमला मिरची, बीन्स यांची तिखट भाजी. मोरोगो म्हणजे पालेभाजी. उम्न्कुशो म्हणजे कुटलेला मका आणि घेवडा, पण त्यात कधी मांस असतं, विचारून घ्या. बुफेत चमचे एकमेकांत फिरतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आदल्या दिवशी सांगा, वेगळं काढून ठेवायला सांगतो.

आणि कोटा खायचाच. घराच्या खिडकीतून चालणारं छोटं दुकान असतं, तिथे बाई पावाच्या लादीचा चौथा हिस्सा कापते, मधला मऊ भाग काढून बाजूला ठेवते, पोकळीत जाड बटाट्याचे चिप्स दाबून भरते, त्यावर चीज, अंडं, पोलोनी नावाचं गुलाबी सॉसेज आणि चमचाभर आचार, मग काढलेला मऊ पाव झाकण म्हणून वर. आचार म्हणजे आपलंच कैरीचं लोणचं, भारतीय मजुरांनी आणलेलं आणि आता पूर्णपणे सोवेटोचं झालेलं. "नो पोलोनी, नो रशियन, नो एग" असं स्पष्ट सांगायचं (रशियन हेही सॉसेजच, माणूस नव्हे). तिथली सुरी-पोळपाट एकच असतात, कडक पाळणाऱ्यांनी नुसतं बघावं. रात्री वरण-भाताची आठवण आली तर फोर्ड्सबर्ग या भारतीय हॉटेलांच्या भागात सोडतो.

तिथली बीअर प्यायलाच लागते का?

नाही हो. उम्कोम्बोथी ज्वारी-मक्याची असते, आंबूस, दाटसर, एकच भांडं सगळ्यांत फिरवतात. एक घोट घेऊन बघा, नको असेल तर हात जोडून पुढे द्या, कुणी रागावत नाही.

फोटो काढले तर चालतात का?

इमारतींचे हवे तेवढे. माणसांचे विचारून, मुलांचे नाहीच. नाचणाऱ्यांचे काढले तर दहा-वीस रँड द्यायचे, तो त्यांचा धंदा आहे.

कॅश किती ठेवायची?

माणशी दोनशे-तीनशे रँड सुटे. एक रँड म्हणजे साधारण पाच रुपये धरून चाला. हॉटेलात दहा टक्के टिप, गाडी सांभाळणाऱ्या पोऱ्याला पाच-दहा रँड. हस्तकलेच्या दुकानात घासाघीस करा पण तुळशीबागेत करतो तितकी ताणू नका.

कपडे, हवामान, चार्जर?

जोहान्सबर्ग साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे, ऊन चटकन भाजतं, टोपी हवी. जून-जुलै म्हणजे इथला हिवाळा, सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी टी-शर्ट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारनंतर विजांचा पाऊस. चार्जरला इथे जाड तीन पिनांचा प्लग लागतो, आपल्या गिझरच्या १५ अँपिअरसारखाच, ॲडॉप्टर घरूनच आणा.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, जमेल का? आणि मुलं?

चालणं तुकड्या-तुकड्यांत आहे, कॉन्स्टिट्यूशन हिलला पायऱ्या आणि चढ आहे तेवढं सोडलं तर अवघड नाही. टॉयलेट प्रत्येक थांब्यावर आहे, हा प्रश्न लाजत लाजत पर्सनलवर विचारतात म्हणून इथेच लिहितो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना १६ जूनची गोष्ट आपण समजतो त्यापेक्षा नीट कळते. त्याहून लहान मुलं कंटाळतात, त्यांच्यासाठी टुकटुक टूर घ्या, टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच.

लोकल टॅक्सीत बसता येईल का?

येईल, गाईड सोबत असेल तर, आणि खूप मजा येते. इथे टॅक्सी म्हणजे पंधरा-सोळा माणसांची मिनीबस. बोर्ड नसतो, हाताच्या खुणेवर थांबते. तर्जनी वर म्हणजे शहरात जायचंय, खाली म्हणजे इथल्या इथे. पैसे मागून पुढे हातोहात जातात आणि पुढच्या सीटवर बसलेल्याने हिशोब करून सुटे परत द्यायचे असतात. म्हणून पुढे बसू नका.

ऑर्लँडो टॉवरवरून उडी मारायची आहे!

मारा. दोन कूलिंग टॉवरच्या मधल्या पुलावरून १०० मीटर खाली. तिकीट वेगळं, वारा असेल तर बंद. आम्ही खाली थांबतो. फक्त एवढं ऐकून घ्या की हे जुनं वीजकेंद्र सोवेटोच्या उशाला होतं, धूर सोवेटोला आणि वीज शहराला. आजूबाजूच्या घरांत वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि कोळशाच्या शेगड्या होत्या.

कुठला वार चांगला?

बुध ते शनि. सोमवारी बरीच म्युझियमं बंद. रविवारी रेजिना मुंडीत प्रार्थना चालू असते तेव्हा फिरता येत नाही, पण मागे बसून गाणं ऐकायची तयारी असेल तर रविवारच घ्या, मग बाकीचं थोडं कमी होईल.

नैरोबी किंवा आदिसवरून येतोय, यलो फीव्हर लागतो का?

तिथे विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर सर्टिफिकेट मागतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची असते, ऐनवेळी धावपळ नको.

पिकअप कुठून आणि परत किती वाजता?

सँडटन, रोझबँक किंवा एअरपोर्टजवळचं हॉटेल, सकाळी आठला. आठ म्हणजे आठ, साडेआठ नाही, एन-वन हायवे तुमच्या चहासाठी थांबत नाही. परत साडेपाचपर्यंत. त्याच रात्रीची फ्लाइट असेल तर आधी सांगा, बॅगा गाडीत ठेवता येतात आणि मग क्लिपटाऊन गाळून थेट एअरपोर्टला सोडतो.